ज्या निबंधावर नावच नव्हतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वैद्यकातला आणि वनस्पतिशास्त्रातला संशोधक एकाच एच-इंडेक्सने (किमान नऊ वेळा उद्धृत झालेले नऊ निबंध असले की तो ९) मोजणं हा अडाणीपणा आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, मलेरियाचं औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांच्यासारखा एखादा अपवाद दाखवून नियम मोडत नाही, आणि आकडे काढून टाकले तर निवड समितीत उरतो तो वशिला. वर 'ज्यांचे आकडे कमी, तेच आकड्यांना नावं ठेवतात' हा टोलाही आहे. तो बरोबर लागला. माझा एच-इंडेक्स ९ आहे.

वशिल्याचं मान्य. मुलाखतीआधीच नाव ठरलेलं असतं हे मीही पाहिलंय. ओळखपाळख नसलेल्या, लांबच्या गावाहून आलेल्या उमेदवाराकडे तेव्हा सायटेशनच्या (इतरांनी आपल्या निबंधांना दिलेल्या संदर्भांच्या) कागदाशिवाय दुसरं हत्यार नसतं. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं.

पण यूयूबाईंना (आडनाव 'तू', त्यामुळे मराठीत लिहिताना पंचाईतच) अपवाद म्हणून बाजूला सारण्याआधी त्यांचं प्रकरण जरा नीट बघा. चीनमध्ये मलेरियावरच्या औषधासाठी २३ मे १९६७ ला 'प्रकल्प ५२३' सुरू झाला. चिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय. उकळायला नाही! यूयूबाईंना तिथे शंका आली की उष्णतेने औषधच मरत असेल. त्यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारं ईथर वापरलं आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला मलेरिया पूर्ण थोपवला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला. चिंगहाओ नावाखाली खपणाऱ्या वनस्पतींतली नेमकी कोणती, तिचा कोणता भाग, कधी तोडलेला, हा सगळा वनस्पतिशास्त्राचा भाग. औषध पानांत असतं, तेही फुलोऱ्याआधी जास्त.

आणि १९७७ साली या औषधाच्या, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या, रेणूवरचा निबंध चिनी नियतकालिकात छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी होता एक 'संशोधन सहकार्य गट'. माणसाचं नावच नाही. आता हा निबंध कुणाच्या एच-इंडेक्समध्ये धरायचा? डॉक्टरेट नसलेल्या या बाईंना २०११ मध्ये वैद्यकातला लास्कर पुरस्कार आणि २०१५ मध्ये वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. लास्करच्या वर्षी त्यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एकटीच्या नावाने लेख लिहिला, त्याला भरपूर संदर्भ मिळाले. काम सत्तरच्या दशकातलं, सायटेशनची गर्दी चाळीस वर्षांनी, आठवणींच्या लेखावर.

हा अपवाद म्हणून सोडून देऊ. रोजच्या व्यवहारातही घोडं पेंड खातं ते वेगळ्याच जागी. अमेरिकेतलं 'सीए' हे कर्करोगाचं नियतकालिक घ्या, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या अलीकडच्या निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी) शेकड्यांत. 'प्लांट सेल' हे वनस्पतिशास्त्रातलं दादा नियतकालिक, त्याचा दहाच्या आसपास. कारण सरळ आहे. 'सीए' दरवर्षी रुग्णांची आकडेवारी छापतं आणि कर्करोगावरचा जवळपास प्रत्येक निबंध 'यंदा इतके रुग्ण' या वाक्याने सुरू होतो. संदर्भ तिथेच पडला.

आमच्या वनस्पतिशास्त्रात उलट. आर्टेमिसिनिनवरच्या निबंधात वनस्पतीचं नाव 'आर्टेमिसिया अ‍ॅनुआ एल.' असं लिहितात. तो 'एल.' म्हणजे लिनियस, १७५३ साली त्यांनी हे नाव दिलं. हजारो निबंधांत त्यांचं अक्षर छापलंय, पण संदर्भसूचीत त्यांचा ग्रंथ शोधून दाखवा! सह्याद्रीतल्या गवतांच्या जाती वेगळ्या काढत डोळे फोडणाऱ्या आजच्या माणसाचंही तेच होतं. त्याचं काम सगळे वापरतात, सायटेशन कुणी मोजत नाही.

सायटेशनचा आकडा तुम्ही कुठल्या गर्दीत उभे आहात तेही सांगतो. प्रथिनं मोजण्याची लाउरी यांची १९५१ ची पद्धत तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालीय, तर वॉटसन-क्रिक यांचा डीएनएचा निबंध सर्वाधिक उद्धृत निबंधांच्या २०१४ च्या यादीत पहिल्या शंभरांतही नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला तेव्हाच जीवशास्त्रातले आकडे भौतिकीपेक्षा मोठे निघतात हे त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे पदोन्नतीच्या गुणांच्या तक्त्यात ते कुणी वाचलेलं दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गवतवाल्याची तुलना गवतवाल्याशी करा, कर्करोगवाल्याची कर्करोगवाल्याशी. आणि उमेदवाराला त्याचा एकच निबंध निवडायला सांगून समितीतल्या दोघांनी तरी तो आधी वाचून यावं. वशिला यानेही जाणार नाही, पण लपवायला अवघड जाईल.

'अडाणीपणा' हा शब्द मात्र आज रात्री लेखातून काढतो. बाकीचं वाक्य तसंच ठेवतो.