अर्ज फक्त खालच्यांनीच भरायचा का?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते आहे. लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या एका ग्रुपवर आज फोटो आला. एक माजी मंत्री एका मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. कंपनी त्याच क्षेत्रातली, ज्याचं खातं अगदी परवापर्यंत त्यांच्याकडे होतं. परवाने, दर, सवलती, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. आणि खाली अभिनंदनाची रांग. 'योग्य माणसाचा सन्मान', 'अनुभवाचं चीज झालं'. लिहिणारे सगळे ओळखीचे, शिकलेले. एरवी तलाठ्यानं चहापाण्याचे पैसे मागितले की दिवसभर बोटं मोडणारे. त्या मंत्र्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मग चर्चा पक्षावर जाईल आणि आपण सगळे आपापल्या बाजूला जाऊन बसू.

मी ग्रुपवर विचारलं, हे बरोबर आहे का? एकानं लगेच लिहिलं, "यात बेकायदेशीर काय आहे?"

काहीच नाही. माझा राग त्याचाच आहे.

मंत्र्यांसाठी आपल्याकडे आचारसंहिता आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाची. मंत्री झालात की आपल्या धंद्याच्या कारभारातून बाहेर पडा, मालमत्तेचा तपशील द्या, मोठ्या भेटवस्तू घेऊ नका. हे सगळं पदावर येताना आणि पदावर असताना. खुर्ची सुटल्यावर काय, याबद्दल ती गप्प आहे. कायदा तर नाहीच. २०१३ चा कंपनी कायदा स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला संचालक, नेमताना बारीकसारीक चौकशी करतो. गेल्या तीन वर्षांत तुम्ही या कंपनीत नोकरीला होतात का, तुमचे नातेवाईक होते का, तिच्या ऑडिटरकडे होतात का. पण या कंपनीला परवाना देणारे मंत्री तुम्हीच होतात का, हे कुणी विचारत नाही.

आता माझ्या आईचं सांगते.

आई केंद्र सरकारच्या एका खात्यात होती, खरेदी विभागात. गट अ अधिकारी म्हणून निवृत्त झाली. शेवटची काही वर्षं निविदांची तांत्रिक छाननी तिच्याकडे होती. निवृत्तीला महिनाही झाला नसेल, तोच एका पुरवठादार कंपनीतून फोन. "मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची आम्हाला गरज आहे. आठवड्यातून दोन दिवस आलात तरी पुरे." पैसे इतके सांगितले की आम्ही घरातले एकमेकांकडे बघत राहिलो. भावाचं शिक्षण चालू होतं, घराचे हप्ते होते. आणि खरं सांगायचं तर आईला कामाची आवड होती. घरी बसणं तिच्या स्वभावात नाही.

पण केंद्राच्या पेन्शन नियमांत अट आहे. गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरी करायची तर आधी सरकारची परवानगी लागते. परवानगीशिवाय घेतली तर पेन्शन, पूर्ण किंवा काही भाग, रोखता येते. आईनं अर्ज भरायला घेतला. त्यात लिहून द्यावं लागतं की नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील माहिती माझ्या हाती आली नव्हती. आली होती. आईनं तसं लिहिलं. परवानगी नाकारली गेली. ती शांतपणे म्हणाली, "बरोबरच आहे. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे दर माझ्या डोक्यात आहेत." आणि तिनं तो विषय मिटवला.

माझ्या डोक्यातून तो आजही गेलेला नाही. कारण ज्या फाइलींवर आईचं टिपण होतं, त्यातल्या मोठ्या खरेदीच्या फाइली वर मंत्र्यांपर्यंत गेल्या होत्या. निर्णय त्यांचा, अंतिम सही त्यांची. निवडणुकीनंतर ते मंत्री घरी गेले आणि थोड्याच महिन्यांत त्याच क्षेत्रातल्या एका उद्योगाचे सल्लागार झाले. त्यांना कुणी अर्ज दिला नाही. तीन वर्षांत तुमच्या कानावर काय आलं होतं, हे विचारलं नाही. टिपण लिहिणारीला वर्षभर घरी बसवायचं आणि सही करणाऱ्याला हार घालायचे!

हे घटना लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं असंही नाही. कलम १४८ वाचा. कॅग, म्हणजे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, पद सोडल्यावर केंद्राची किंवा कुठल्याही राज्य सरकारची नोकरी करू शकत नाही. कलम ३१९ केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांना तेच सांगतं. कलम १२४ म्हणतं, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राहिलेला माणूस देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करणार नाही. म्हणजे उद्याच्या नोकरीकडे डोळा ठेवून माणूस आज निर्णय फिरवू शकतो, हे तेव्हाच ओळखलेलं होतं. (न्यायाधीशांच्या निवृत्तीनंतरच्या नेमणुकांवरही मला खूप बोलायचंय. तो राग वेगळा, पुन्हा कधी.) मंत्र्यांसाठी मात्र असं कलम नाही.

दुपारी एका जुन्या मित्राचा फोन आला, हा ग्रुप वाचूनच. त्याचं म्हणणं, मंत्रीपद ही काही कायमची नोकरी नव्हे, आज आहे उद्या नाही, मग माणसानं पोट भरायचं कसं? ठीक आहे, हा मुद्दा मी मान्य करते. वकील मंत्री झाला असेल तर त्यानं पुन्हा कोर्टात उभं राहावं, डॉक्टरनं दवाखाना उघडावा, शिकवणाऱ्यानं शिकवावं. कुणाची आडकाठी नाही. पण पोटाचं म्हणाल तर माजी खासदाराला २०२३ पासून महिना किमान ३१,००० रुपये पेन्शन आहे. देशातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि कुठलीच नोकरी करू नका असं मी म्हणतच नाहीये. ज्या कंपनीवर कालपर्यंत तुमचा हुकूम चालत होता तिथे काही काळ जाऊ नका, इतकंच. घटनेनं व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलंय, तसा त्यावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालायचा अधिकारही त्याच कलम १९ मध्ये दिलाय. अधिकाऱ्यांना लावताना तो बरा आठवतो.

आईच्या गोष्टीचा पुढचा भाग मी फारसा कुणाला सांगितलेला नाही. वर्ष संपलं. आता परवानगीची गरज नव्हती. आईनं स्वतः त्या कंपनीला फोन केला, मी आता मोकळी आहे म्हणून. पलीकडचा माणूस गोड बोलला, "कळवतो मॅडम" म्हणाला. त्यांनी कधीच कळवलं नाही.

वर्षभरात आईचं काय कमी झालं होतं? छाननी कशी करायची हे ती विसरली नव्हती. तीस वर्षांचा अनुभव तसाच होता. बदललं होतं ते इतकंच, की तिच्या हाताखालची माणसं बदलून गेली होती, नवे दर आले होते, आणि तिच्या एका फोनवर कुठलीही फाइल हलणार नव्हती. आई त्या दिवशी फार बोलली नाही. मला मात्र तेव्हा कळलं की त्या दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे नेमके कशाचे होते. म्हणून 'अनुभवाचं चीज झालं' हे वाक्य आज वाचलं आणि माझा तोल गेला. अनुभवच हवा असेल तर कंपनीनं दोन वर्षं थांबावं की! अनुभव दोन वर्षांत कुठे पळून जातो?

मित्राचा दुसरा मुद्दा होता की बाहेरच्या देशांत असे नियम आहेत तरी काय उपयोग झाला? ब्रिटनचं उदाहरण त्यानं दिलं आणि ते खरं आहे. तिथे माजी मंत्र्यांनी पद सोडल्यावर दोन वर्षं नवी नोकरी घेण्याआधी एका समितीचा सल्ला घ्यायचा, अशी रीत होती. समिती १९७५ पासूनची. पण नुसता सल्ला, धुडकावला तर शिक्षा नाही. डेव्हिड कॅमेरॉन २०१६ मध्ये पंतप्रधानपदावरून गेले, दोन वर्षं उलटल्यावर २०१८ मध्ये ग्रीनसिल कॅपिटल कंपनीचे सल्लागार झाले आणि २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत कंपनीला सरकारी योजनेत घ्या म्हणून थेट अर्थमंत्र्यांना मेसेज करत होते. पुढच्या वर्षी कंपनी बुडाली. चौकश्या झाल्या, आणि त्यांनी लॉबिंगचा, म्हणजे कुणासाठी सरकारकडे शब्द टाकण्याचा, नियम मोडलेला नाही असंच निघालं. २०२५ मध्ये ती समितीच बंद करून तिचं काम दुसरीकडे वाटून टाकलं.

पण यातून नियम नको असं कसं निघतं? माझ्या मते उलट निघतं. आईच्या पदाच्या ओळखी वर्षात विरल्या. पंतप्रधानाचा फोन चार वर्षांनीही उचलला जातो. म्हणजे पद जितकं मोठं तितका थांबायचा काळ जास्त हवा, आणि मोडला तर शिक्षा हवी. कॅनडानं ते केलंय. माजी मंत्र्याला आपल्या खात्याशी मोठा संबंध आलेल्या संस्थेत दोन वर्षं नोकरी नाही, आणि सरकारदरबारी लॉबिंग करायला पाच वर्षं बंदी. जर्मनीत गेरहार्ड श्रोडर २००५ मध्ये चॅन्सेलरपद (तिथलं सरकारप्रमुखाचं पद) सुटल्यावर लगेच रशियन गॅसवाहिनीच्या कंपनीत गेले, तीच वाहिनी जिला त्यांनी पदावर असताना पाठिंबा दिला होता. तिथे लोक चिडले. कायदा व्हायला २०१५ उजाडलं, पण झाला. आपल्याकडे लोक फोटोखाली फुलं टाकतात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ग्रुपवरची माणसं वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. ओळखीतलं कुणी मोठ्या जागी गेलं की आनंद होतो, तेवढाच भाव असेल. पण ती रांग बघून मला आई दिसली, जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून तो अर्ज भरताना. कुणाला कळणार नव्हतं तरी तिनं खरं लिहिलं.

तर मी एक ठरवलंय. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार किंवा कार्यकर्ता दारात येईल, त्याला रस्ते आणि पाणी विचारून झालं की एक कागद पुढे करणार आहे. त्यावर एवढंच असेल: 'मंत्री झालो तर पद सुटल्यानंतर तीन वर्षं माझ्या खात्याशी संबंध आलेल्या कुठल्याही कंपनीत नोकरी, संचालकपद किंवा सल्लागारपद घेणार नाही, आणि याचा कायदा व्हावा म्हणून सभागृहात मागणी करेन.' खाली सहीची जागा. तुमच्यात कुणी वकील असेल तर या मजकुरातल्या पळवाटा कमेंटमध्ये दाखवा. बायको, मुलगा, जावई यांच्या नावावर घेतलेल्या पदांचं काय करायचं, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही.