चार रेटिंगची शाळा

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. घर शोधतायत. "ताई, घर दोघांनाही आवडलंय, पण तिथल्या मिडल स्कूलचं रेटिंग दहापैकी चारच आहे. सोडून देऊ ना?"

माझी मुलगी अशाच एका चार रेटिंगच्या पब्लिक, म्हणजे सरकारी, मिडल स्कूलमधून (सहावी ते आठवी) यंदा आठवी पास झाली. फोनवर मी तिला जे सांगितलं ते घाईघाईत आणि तुटक झालं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींत घर घेताना हा प्रश्न दर वेळी निघतोच, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी तीन वर्षं दर आठवड्याला एक दुपार या शाळेत गणिताच्या मदतीला जायचे. सहावीच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर एक मुलगा आला. देशात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, घरी फक्त स्पॅनिश. अपूर्णांकांची बेरीज सोडाच, पाढेही कच्चे. गणितात तो तिसरीच्या आसपास होता. आठवी संपताना हाच मुलगा दोन अज्ञात संख्यांची समीकरणं सोडवत होता आणि शेजारच्याला इंग्रजीतून समजावतही होता. तीन वर्षांत त्यानं जवळजवळ साडेचार वर्षांचं अंतर कापलं. तरी राज्याच्या परीक्षेत 'प्रोफिशियंट'ची, म्हणजे त्या इयत्तेला अपेक्षित पातळीची, रेषा त्याला थोडक्यात हुकली. म्हणजे शाळेच्या टक्केवारीत तो सहावीतही नापासात धरला गेला आणि आठवीतही. त्याच्या शिक्षकांनी केलेल्या कामाची त्या आकड्यात शून्य नोंद आहे! ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

हे आकडे येतात कुठून? 2002 साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला आणि तिसरी ते आठवी दर वर्षी वाचनाची आणि गणिताची परीक्षा सक्तीची झाली. 2015 च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानं ती तशीच ठेवली. त्यामुळे मिडल स्कूलची तिन्ही वर्षं परीक्षेची. निकाल वंश, उत्पन्न, अपंगत्व आणि इंग्रजी शिकणारी मुलं अशा गटांनुसार वेगवेगळा जाहीर करावा लागतो. ही फोड मला मनापासून पटते. नुसत्या सरासरीआड गरीब मुलांचे हाल सहज लपायचे. पण आपण तो तक्ता कसा वाचतो? कोणती मुलं किती टक्के आहेत ते बघतो आणि शाळा पसंत-नापसंत करून टाकतो.

गटांमागची गंमतही समजून घ्यायला हवी. इंग्रजी चांगलं यायला लागलं की मूल 'इंग्लिश लर्नर' गटातून बाहेर पडतं आणि त्याच्या जागी नवी, काहीच न येणारी मुलं येतात. मग तो गट कायम मागेच दिसणार. (आता गटातून बाहेर पडलेल्यांचे निकाल चार वर्षांपर्यंत त्याच गटात मोजायची राज्यांना मुभा आहे, ते बरं झालं.) गरिबी मोजतात ती मोफत किंवा सवलतीच्या जेवणावरून. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण आता बऱ्याच शाळा सगळ्याच मुलांना मोफत जेवू घालतात, आणि मग काही तक्त्यांत अख्खी शाळाच गरीब दिसते.

आणि 'एशियन' हा रकाना. तो बघून आपली छाती फुगते. पण आपल्यातले बहुतेक जण इथे आले ते पदवी आणि नोकरीच्या चाळणीतून. आपल्या मुलांना घरात पुस्तकं, संध्याकाळी गणित घेणारा बाबा, शनिवारी क्लास. त्याच रकान्यात निर्वासित छावणीत वाढून आलेल्या बर्मी कुटुंबाचं मूलही असतं. दोघांची सरासरी काढून काय कळणार? घरच्या परिस्थितीचा गुणांशी केवढा घट्ट संबंध असतो, हे 1966 च्या कोलमन अहवालानं 6 लाखांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवलं होतं. तरी आपण घराचं श्रेय शाळेला देतो आणि घरच्या अडचणींचा दोषही शाळेलाच.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या याच तिसरी ते आठवीच्या निकालांचा अभ्यास केला. सरासरी गुण कुटुंबांच्या सुबत्तेबरोबर चढतात-उतरतात, पण मुलं दर वर्षी किती पुढे सरकतात याचा सुबत्तेशी संबंध फारच सैल निघाला. शिकागोच्या पब्लिक शाळांतली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतकं शिकली. याच शाळांना आपण 'तिकडे नको' म्हणत आलो.

चार रेटिंगची प्रत्येक शाळा चांगली असते असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी शिक्षक टिकत नाहीत, आणि ते मुलांना फार महागात पडतं. मुलीच्या सातवीत विज्ञानाची जागा चार महिने रिकामी होती. एकेक धडा घरी करून घेताना आम्ही दोघंही थकलो. पण हे रेटिंगमधून कळलं नव्हतं, शाळेत जाऊन विचारल्यावर कळलं.

म्हणून मैत्रिणीला म्हटलं, सरासरी बाजूला ठेव. अनेक राज्यं 'ग्रोथ', म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे सरकली ते, वेगळी दाखवतात, ती बघ. दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, ते बघ. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले ते मुख्याध्यापकांना तोंडावर विचार. सहावीत गणितात मागे असलेल्या मुलाचं तुम्ही नक्की काय करता, हेही विचार, आणि उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो त्याकडे लक्ष दे.

ती गुरुवारी शाळा बघायला जातेय. मुलाला बरोबर ने, असं मी तिला दोनदा बजावलंय.