बागायतीतला अपघात कोणाचा?

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बागायतीत कोणी जायबंदी झाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "नशीब त्याचं." तोच माणूस कारखान्यात जखमी झाला असता तर इन्स्पेक्टर आला असता, कागद झाले असते. बागायतीतून मात्र थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ), आणि तिथून घरी.

गेल्या हंगामाआधी आमच्या बाजूच्या काजूच्या बागायतीत साफसफाई चालू होती. पूर्वी हे काम कोयत्याने व्हायचं, आता ग्रास कटर आलेत. काम झटपट होतं, पण जमीन जांभ्याची. पातं दगडाला लागलं की खडा कुठे उडेल याचा नेम नाही. झारखंडच्या एका पोराचा डोळा गेला. डोळ्यांवर गॉगल नव्हता, कोणी दिलाच नव्हता. मालक म्हणतो, काम ठेक्यावर दिलं होतं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, तो रोजंदारीवर होता, माझा माणूस नव्हे. शेवटी स्टँप पेपरवर अंगठा घेतला, थोडे पैसे हातावर ठेवले आणि पोराला गावच्या रेल्वेत बसवलं.

तो कागद कवडीमोल आहे, हे त्या पोराला कोण सांगणार? कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. भरपाईचा हक्क सोडायला लावणारा करार त्या कायद्याने रद्दबातल ठरतो. आपल्या धंद्याचं काम ठेक्यावर दिलं म्हणून मालक सुटत नाही. त्याने आधी भरपाई द्यायची, मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. मृत्यू झाला तर पैसे घरच्यांच्या हातात परस्पर देऊन चालत नाही, सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे (पूर्वी भरपाई आयुक्तांकडे) जमा करावे लागतात. आमच्याकडे हे किती बागायतदार पाळतात, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

आता खरी गोम. कोणत्या कामांना भरपाई लागू, याची या कायद्यात यादी आहे. तिच्यात शेती-बागायत आधी आली ती यंत्राचा हात धरून. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणारी साधनं वापरून केलेलं काम त्यात बसतं. माड-ताडाची सूर (ताडी) काढणारा रेंदेर त्यात आहे, झाडं तोडणारा आहे. म्हणजे ग्रास कटरवाल्या पोराची बाजू भक्कम. पण त्याच बागायतीत वाकून बिया वेचणारी बाई? तिच्या हातात यंत्र नाही, पाटी आहे. जमीन कसण्याचं कामही नंतर यादीत आलं, त्याच्या आधारे तिला दावा करता येईल, पण हे तिला सांगतो कोण? आणि मळे कामगारांचा १९५१ चा कायदा आता नव्या संहितांत गेला, पण त्याची यादी पाहा: चहा, कॉफी, रबर, सिंकोना, नंतर वेलदोडा. काजूचं नाव नव्हतं. काजूच्या बोंडूपासून (फळापासून) होणाऱ्या आमच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याचं कौतुक आम्ही अजून करतो. बोंडू गोळा करणाऱ्या बाईला मात्र मळ्यातली कामगारही म्हणायचं नाही!

आणि धोका तिला कमी आहे का? पाचोळ्यात फुरसं असतं, घोणस असते. झाडाच्या फांदीवर चापडा हा हिरवा विषारी साप असतो, आणि आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच बनते. चापड्याचं विष तिच्यात धरलेलंच नाही. त्यात गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडताप. २०१५ मध्ये तो सत्तरीत पाळी गावात पसरला, पुढच्या वर्षी इतर गावांत. त्याचा हंगाम जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा. गोचीड पाचोळ्यात, आणि बाई दिवसभर त्याच पाचोळ्यात. तरी लोक म्हणतात, "रानातला ताप." माझ्या मते हा कामातून आलेला आजार आहे. ज्या कामात संसर्गाचा खास धोका असतो, त्यातून झालेला संसर्ग व्यावसायिक रोगांच्या यादीत धरलेला आहेच. तो रानात काम करणाऱ्यांनाही लावून बघायला काय हरकत आहे?

बागायतदार मंडळी खाली कमेंटमध्ये येणार, "आम्हालाच काजूचा दर मिळत नाही, आम्ही कुठून देणार?" दराचं खरं आहे, मीही तुमच्याबरोबर ओरडतो. पण कामगार भरपाईचा विमा मिळतो, त्याचा हप्ता मजुरीच्या खर्चातच धरायचा असतो. गॉगल, गमबूट, गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल, यांचा खर्च फेणीच्या भट्टीच्या एका दिवसाच्या लाकडांपेक्षा जास्त नाही.

ज्याच्या घरात असं कोणी जायबंदी आहे त्याने लक्षात ठेवावं: दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो. अर्ज पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार खात्याच्या कचेरीत होतो. अंगठा आधीच दिला असेल तरी जा.