गावाने एक तरी लाकडी होडी बांधायला काढावी

नौदलाचं कौंडिन्य जहाज पोरबंदरहून मस्कतला पोचलं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला, अभिमान वाटलाच. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून उभं केलेलं जहाज, फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. पण त्या बातमीतली एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. चित्र महाराष्ट्रातलं, बांधलं गोव्यात, आणि बांधणारे हात केरळचे. बाबू शंकरन आणि त्यांची टीम. सप्टेंबर 2023 मध्ये कामाला सुरुवात झाली आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल पण झालं.

आता मला सांगा, गोव्यात आणि कारवारकडे रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या काथ्याने शिवलेल्याच असायच्या ना? लाटेतून वाळूवर आपटताना शिवलेली होडी जरा लवते, म्हणून फुटत नाही, हे तिकडच्या म्हाताऱ्यांना शिकवावं लागत नव्हतं. मग आपल्याच किनाऱ्यावर शिवणारे हात बाहेरून का आणावे लागले?

माझं मत असं आहे की केरळात ही माणसं टिकली कारण तिथली गावं नाव बांधायची थांबलीच नाहीत. पंपा नदीकाठचं आरन्मुळा घ्या. नदीच्या दोन्ही काठांवर 52 करा आहेत, करा म्हणजे आपल्या वाडीसारखं धरा, आणि पल्लियोडम नावाची ती लांबलचक नाव कुणा एका मालकाची नसते, अख्ख्या कराची असते. नवीन बांधायची ठरली की आंजिलीचं झाड शोधायचं (आपल्या फणसाच्याच कुळातलं झाड), गावाने पैसे उभे करायचे, पहिली छिन्नी मारायचा विधी, मग मेस्त्री महिनोन् महिने कामाला आणि गाव येता-जाता बघतंय, पोरं तिथेच खेळतायत. बांधून झालेली नाव उभी करायला स्वतंत्र मांडव, त्याला मालिप्पुरा म्हणतात. आणि ओणमच्या दिवसांत तीच पोरं मोठी होऊन वंचिपाट्टु म्हणजे नावेवरची गाणी गात त्याच नावेत वल्ही मारतात. 2018 च्या पुरात नावांचं नुकसान झालं तरी गावं परत उभी राहिली, कारण नाव गेली म्हणजे कराची इज्जत गेली.

पल्लियोडम खिळे मारून जोडतात, कौंडिन्य शिवलेलं, ही दोन वेगळी कामं आहेत हे मला माहीत आहे. पण लाकूड ओळखणं, फळीला बाक देणं, सांध्याला सांधा बसवणं हे सगळं हातात राहायला काम चालू असावं लागतं. कौंडिन्यच्या शिवणकामाचे व्हिडिओ शांतपणे बघा. फळी वाफेवर मऊ करून बाकाला बसवतात, सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवतात, मग एक माणूस आतून आणि एक बाहेरून, दोरी भोकातून इकडून तिकडे, ओढून ताणून घट्ट करायची, मग पुढचं भोक. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, नुसत्या दोरीच्या ओढीवरून त्याला कळतं. एकट्या माणसाला हे काम जमणारच नाही, कितीही हुशार असू दे.

आमच्याकडे खाडीला आता जिकडे बघावं तिकडे फायबर. मच्छीमारांना मी अजिबात दोष देत नाही. लाकडी होडीला दर वर्षी तेल, डागडुजी, पावसाळ्यात वर ओढून झावळांखाली ठेवणं, आणि फणस, ऐन, किंजळ तोडायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी. ज्याचं पोट दर्यावर आहे त्याने परंपरा जपायला कर्ज काढायचं का? म्हणूनच म्हणतोय की हे एकट्या दुकट्याचं काम नाही, गावाचं आहे.

आणि गावाकडे पैसे नाहीत हे मला पटत नाही. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबई मंडळ आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला चाकरमानी बघता बघता लाखांनी वर्गणी उभी करतात, डीजे आणि क्रिकेटच्या टुर्नामेंटला स्पॉन्सर मिळतात. रापण संघ तर पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत, जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि मासळीचे वाटे घालायचे. सामायिक काम काय असतं हे कुणी आपल्याला बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. फक्त यादीत एक होडी घाला. मोठी नको, खाडीत चालेल एवढी, चार वल्ह्यांची. अजून हातात छिन्नी धरणारा मेस्त्री गावात असेल तर त्याला व्यवस्थित मजुरी द्या, फुकटचा सत्कार आणि शाल-श्रीफळ नको. हायस्कूलची मुलं दर शनिवारी तिथे पाठवा, रंधा मारू दे, फटीत कापूस ठासू दे, हाताला राळ लागू दे.

एका बाबतीत मात्र आरन्मुळ्याचं जसंच्या तसं उचलायचं नाही. पल्लियोडमवर बायकांना चढू देत नाहीत, आणि ते मला पटत नाही. मासळीचा सगळा बाजार आपल्याकडे बायकांनी खांद्यावर घेतलाय, मग होडी बांधायला आणि वल्हवायला मुली पहिल्या दिवसापासून हव्यात.

काही जण म्हणतील मॉडेल करून म्युझियममध्ये ठेवा. ठेवा की, नाही कोण म्हणतंय, पण काचेतल्या होडीची फळी कधी कुजत नाही, म्हणून ती बदलायला कुणी शिकत पण नाही. पाण्यातली होडी दर पावसाळ्यात काहीतरी काम काढते आणि त्या निमित्ताने मेस्त्रीच्या शेजारी कुणीतरी पोरगं उभं राहतं.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर आमच्या मंडळाची मीटिंग आहे, तिथे मी हा विषय मांडणार आहे. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कुठल्याही बंदरावर लाकडी होडी बांधणारे मेस्त्री अजून काम करत असतील तर मला कळवा, त्यांचे फोन नंबर उघड टाकू नका, इनबॉक्सला पाठवा. आणि कुणाच्या रापण संघाकडे जुनी होडी छपराखाली पडून असेल तर प्लीज ती जळणाला देऊ नका, आधी तिची मापं घेऊ आणि फोटो काढू, मी स्वतः यायला तयार आहे.