वजनकाट्यावरून परत पाठवलेली मुले आणि आमची रग्बी

आज दुपारी तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत, सर्वांसमोर, मला ऐकवण्यात आले की आम्ही रग्बीवाले दुसऱ्याच्या तयार पिकावर डोळा ठेवून असतो. बोलणारे सर कबड्डीचे जुने आणि नावाजलेले प्रशिक्षक आहेत, वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, त्यामुळे मी तिथे गप्प राहिले. घरी येऊन सगळी कामे उरकली, तरी ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

मी स्वतः शाळा-कॉलेजात खो-खो खेळले आणि आज शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. संध्याकाळी ज्या मुलामुलींना मी रग्बी शिकवते, ती जवळजवळ सगळी कबड्डी, खो-खो, कुस्ती नाहीतर धावण्याच्या शर्यतींतून आलेली आहेत आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. घरात रग्बी पाहत वाढलेले मूल आपल्या भागात कुठून मिळणार? आमच्याकडे जे येईल ते दुसऱ्या कोणत्या तरी मैदानावरूनच येणार.

ज्याच्यावरून आज हे सारे निघाले, तो मुलगा काही वर्षांपूर्वी याच सरांच्या संघात उजवा कोपरा सांभाळत असे. घोट्याची पकड तो अशी घ्यायचा की चढाईला आलेल्या मुलाचा हातही मध्यरेषेकडे लांबत नसे. किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या वर्षी त्याची उंची एकदम वाढली, खांदे भरले आणि वजन मर्यादेच्या आसपास घुटमळू लागले. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने दुपारपासून अन्न घेतले नाही, पाणीही टाळले, आणि पहाटे अंगात दोन स्वेटर घालून तो मैदानाला फेऱ्या मारत राहिला. ऐन वाढीच्या वयातले मूल स्वतःचे शरीर उपाशी ठेवून कमी करू पाहत होते आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांपैकी कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. काटा तरीही थोडा पुढेच गेला. त्याचे नाव यादीतून निघाले, दुसरा मुलगा घेतला गेला, आणि नंतर वर्षभर हा सरावाला का येत नाही याची चौकशी करायला कुणीही त्याच्या घरी गेले नाही. जे पीक बांधावर टाकून दिले होते, त्यावर आम्ही डोळा ठेवला असे सर कोणत्या तोंडाने म्हणतात?

वजनाची मर्यादा लहान चणीच्या मुलांना मोठ्यांच्या धडकेपासून वाचवण्यासाठी असते, हे मला मान्य आहे. रग्बीत हा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या शालेय वयातल्या मुलांच्या रग्बीत वयाबरोबर वजनाचेही गट केलेले असतात, पण तिथे वजन जास्त भरले तर मूल वरच्या गटात खेळते, खेळाच्या बाहेर जात नाही. आपण मात्र काट्यावरून उतरलेल्या मुलाला पुढे कुठे जायचे ते सांगत नाही. राज्याच्या किती चांगल्या पकडी आणि किती चढाया अशा काट्यापाशी संपल्या असतील, याचा विचार केला की मला खरोखर संताप येतो.

तो मुलगा शाळेच्या तासाला मागे उभा राहायचा, ते पाहून मीच त्याला संध्याकाळी बोलावले. खाली वाकून समोरच्याच्या पायांत शिरण्याची भीती त्याला मुळातच नव्हती. हे धैर्य शिकवायला एरवी महिने जातात. त्याला ते कबड्डीने दिले होते आणि त्याचे श्रेय निःसंशय सरांचे आहे. पण तीच कबड्डी त्याच्या आड येत होती. कबड्डीत पकडलेला गडी सोडायचा नसतो, चढाई संपेपर्यंत आवळून धरायचे असते. रग्बीत पाडलेल्या खेळाडूला त्याच क्षणी मोकळे करावे लागते, नाहीतर पेनल्टी जाते. त्याचे हात सुटतच नव्हते. शिवाय छाती पुढे करून, मान ताठ ठेवून धडक देण्याची सवय होती, आणि रग्बीत ती जिवाशी खेळ आहे. डोके समोरच्याच्या शरीराच्या पुढे न जाता बाजूला आणि मागे राहिले पाहिजे, हे अंगात मुरेपर्यंत मी त्याला सामन्यात उतरवले नाही. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग सावकाश धावत, अशा क्रमाने टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे, शिकवावे लागते आणि त्यात घाई केली की मूल दुखापतीने तरी जाते किंवा भीतीने तरी जाते.

एका खेळातून दुसऱ्या खेळात जाणे हे जगात कुठेही पाप मानले जात नाही. २०१६ मध्ये रिओला सात जणांची रग्बी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली, तेव्हा महिलांचे सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाने जिंकले. त्या संघातली क्लोई डाल्टन बास्केटबॉलमधून आली होती आणि शार्लट कॅसलिक टच फुटबॉलमधून, म्हणजे पाडण्याऐवजी नुसता स्पर्श करून खेळायच्या रग्बीसारख्या खेळातून. न्यूझीलंडने २०१२ मध्ये ‘गो फॉर गोल्ड’ नावाची मोहीम काढून इतर खेळांतल्या मुलींना अगदी उघडपणे चाचणीला बोलावले. नेटबॉल खेळणारी पोर्शिया वुडमन त्यातूनच पुढे आली, आणि त्या संघाने टोकियो व पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके घेतली. अमेरिकेचा पेरी बेकर अमेरिकन फुटबॉलमधून आला आणि २०१७ व २०१८ अशी सलग दोन वर्षे सेव्हन्समधला, म्हणजे सात जणांच्या रग्बीतला, जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. न्यूझीलंडमध्ये रग्बी घरोघरी आहे, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी, हे कबूल करते.

पण आपल्याच देशातले उदाहरण घ्या. पाटण्याजवळच्या बाढ इथली स्वीटी कुमारी आधी धावण्याच्या शर्यतींत होती, रग्बीत आली, आणि २०१९ मध्ये महिला रग्बीला वाहिलेल्या ‘स्क्रमक्वीन्स’ या संकेतस्थळाने तिला जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून निवडले. त्याच वर्षी मनिलात आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. संघाची कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा होती आणि शेवटची निर्णायक पेनल्टी ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारली. हा सामना मी मुलींना अनेकदा सांगते. आदिवासी वसतिगृहात शिकलेली मुलगी, पुण्यातली फिजिओथेरपिस्ट आणि बिहारची धावपटू एका संघात उभ्या राहतात, यापेक्षा सुंदर काही असू शकते का?

इथपर्यंत लिहिले आणि थोडा वेळ थांबले. सरांच्या बोलण्यात जे खरे आहे, तेही लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यापेक्षा जास्त राग मला आमच्याच काही लोकांचा येतो. स्पर्धा महिन्यावर आली की जिल्ह्याच्या शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलीला फोन जातो. तिला चेंडू धरायला आणि कडेने धावायला शिकवले जाते, ती दोन-तीन ट्राय करते, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवते, छायाचित्र निघते आणि स्पर्धा संपल्यावर तिला कुणी ओळखही देत नाही. मधल्या काळात तिच्या मूळ खेळाचा हंगाम बुडालेला असतो. याला खेळाडू घडवणे म्हणत नाहीत. आणि यातून संघही उभा राहत नाही, कारण कडेला उभ्या असलेल्या वेगवान मुलीपर्यंत चेंडू पोहोचायचा तर मधल्या साऱ्या मुलींना डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना, धावता धावता, अंगावर कोणी येत असताना मागे पास देता आला पाहिजे. हे कौशल्य महिन्याच्या शिबिरात येत नाही. ते दहाव्या-अकराव्या वर्षी, टॅकल नसलेल्या रग्बीत, कमरेच्या पट्ट्या ओढत खेळताना येते. न्यूझीलंडची चिमुकली मुले तसेच खेळतात. आमच्या संघटकांना मात्र पट्ट्यांच्या रग्बीत रस नसतो, कारण त्यात पदक नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दुसऱ्या खेळातून खेळाडू घ्यायचा अधिकार त्यालाच आहे, जो स्वतः लहान मुले घडवतो आणि आलेल्या खेळाडूला तीन-चार वर्षे सांभाळण्याची तयारी ठेवतो. बाकीच्यांनी फोन करू नयेत.

त्या मुलाकडे पुन्हा येते. त्याला पासचे अंग नव्हते. चेंडू हातात आला की तो डोके खाली घालून सरळ घुसायचा, कारण आजवर त्याला एकट्याने झुंजायचे माहीत होते. त्याच्याबरोबर खो-खोतून आलेली एक मुलगी सराव करायची. तिला समोरच्याला हुलकावणी देऊन दिशा बदलणे सहज जमायचे, पण अंगावर कोणी आले की ती थबकायची. त्या दोघांना मी महिनोन्महिने जोडीने सराव करायला लावला. तो तिला धक्का सोसायला शिकवत होता, ती त्याला मोकळी जागा शोधायला शिकवत होती. वेगवेगळ्या खेळांतली मुले एकत्र आली की एकमेकांची शिक्षक होतात, हे मी तिथे पाहिले आणि तेव्हापासून मी फक्त एकाच खेळातली मुले घेणे बंद केले.

आता एक गोष्ट लिहिताना माझाच आवाज खाली येतो आहे. आमच्या मैदानावर मुरूम आहे. त्यावर टॅकल शिकवले तर कोपर आणि गुडघे सोलून निघतात, म्हणून पडायला शिकवण्याचा सराव आम्ही मॅटवर घेतो आणि ती मॅट सरांच्या मंडळाची आहे. त्यांनी ती कधीही नाकारली नाही. संघाचा प्रवास, मुलांची केळी-दूध, कुणाचे बूट, हे सारे सर वर्षानुवर्षे स्वतःच्या पगारातून करत आले आहेत आणि आपला घडवलेला मुलगा दुसऱ्या रंगाच्या जर्सीत जिंकताना पाहिल्यावर त्यांच्या मनात काय होत असेल, ते मी समजू शकते. त्या मुलाची राज्य संघाच्या शिबिराला निवड झाली, तेव्हा बातमीत सरांचे नाव कुठेही नव्हते. ते असायला हवे होते. आमच्या संघटनांनी नोंदणी अर्जात आधीच्या खेळाचा आणि आधीच्या प्रशिक्षकाचा रकाना ठेवावा, सत्काराला त्या प्रशिक्षकाला आधी बोलवावे आणि मुलाला चाचणीला नेण्यापूर्वी त्यांना भेटून सांगावे. यात पैसा लागत नाही.

कबड्डीत प्रो लीग आहे, रेल्वे-पोलिसांत नोकऱ्या आहेत, रग्बीत काय आहे, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे आज तेवढे भक्कम उत्तर नाही. तरी २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली आणि जगातल्या नामवंत खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून आपली मुले खेळली. ती पाहून आमच्या मैदानावर नवे चेहरे आले. त्याच वर्षी राजगीरला वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्समध्ये भारतीय मुलींनी कांस्यपदक मिळवले. बिहारने पदक मिळवणाऱ्यांना थेट नोकरी देण्याची योजना काढली, म्हणून तिथे खेड्यापाड्यांतले पालक मुलींना रग्बीला पाठवतात. आपल्याकडेही सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण गावातल्या पालकांना ते समजावून सांगायला कुणी जात नाही. मुलीच्या तोंडावर व्रण आला तर काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक घरात विचारला जातो. त्यावर मी चिडत नाही. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मूल मैदानाबाहेर जाते आणि त्या दिवशी परत उतरत नाही, हा नियम मी त्यांना सांगते आणि तो पाळते.

चौदा वर्षांपर्यंत मुलाने कबड्डीही खेळावी, खो-खोही खेळावा, धावावे, कुस्तीच्या मातीत लोळावे आणि आठवड्यातून दोन दिवस रग्बीचा चेंडूही हाताळावा. त्याचा खेळ कोणता हे तेव्हा ना सरांनी ठरवावे ना मी. तो मुलगा आजही गावच्या जत्रेतल्या कबड्डीला सरांच्या मंडळाकडून उतरतो, तिथे वजनकाटा नसतो, आणि मी त्याला कधी अडवलेले नाही. ही माहिती आज बैठकीत कुणीतरी सांगायला हवी होती.

यंदाच्या निवड चाचण्या आता जवळ आल्या आहेत. माझ्या यादीत क्रीडाशिक्षक मित्र-मैत्रिणी बऱ्याच आहेत, त्यांना विनंती आहे की तुमच्या तालुक्यात वजन जास्त भरले म्हणून जी मुले परत फिरतील, त्यांच्या पालकांशी त्याच दिवशी बोला आणि मला निरोप करा. त्यांनी रग्बीलाच यावे असा माझा आग्रह नाही. कुस्ती, ज्युदो, गोळाफेक, जवळ जे असेल तिथे आपण त्यांना नेऊन पोहोचवू. आमच्याकडे यायचे असेल तर बूट नसले तरी चालेल, शाळेच्या कपाटात काही जोड ठेवलेले आहेत. दातांचे गार्ड मात्र प्रत्येकाचे स्वतःचे लागते आणि ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च आपण काही जण मिळून उचलतो. पहिल्या दिवशी आईला किंवा वडिलांना बरोबर आणावे, कारण टॅकल कसे शिकवतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मुलाला सुरुवात करू देत नाही.