ड्रिलचे कल्ले

आज दुपारी अडीचला, म्हणजे गोव्यात कुत्रंसुद्धा भुंकायचं काम चारनंतर बघू म्हणतं त्या वेळेला, खालच्या वाड्यातून घर्रर्र आवाज आला आणि मी झोपेतच ओळखलं, हे आपलं ड्रिल. आपलं म्हणजे परवा सकाळपर्यंत आपलं. फिरता फिरता मध्येच एकदा शिंकतं ते. नऊ वर्षं ती शिंक ऐकलीय, चूक होणं शक्य नाही.

झालं काय, परवावर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आलीय आणि सासरच्या पद्धतीने माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-भाज्यांची चौकट, बांधायची (मी मूळचा कोल्हापूरचा, बारा वर्षं डिचोलीत, पण माटोळीच्या बाबतीत अजून शिकाऊ उमेदवार). जुन्या घरात वाशांना बांधून मोकळे व्हायचे. आमच्या नव्या घरात डोक्यावर स्लॅब, म्हणजे चार हुकांसाठी चार भोकं पाडणं आलं. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखं जातं, स्लॅबमध्ये नाही. दोन झाली, तिसरं अर्ध्यात असताना ठप्प. एक टपली मारली, दोन सेकंद फिरलं, परत ठप्प. ही टपलीची गोष्ट लक्षात ठेवा, मी नाही ठेवली.

म्हापशाला सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने मशीन उघडलंसुद्धा नाही. प्लग लावला, बटण दाबलं, काढला. "आर्मेचर गेलंय सर." म्हणजे मोटरच्या आतला, तांब्याची तार गुंडाळलेला फिरता भाग जळला. इतकंच. या चार सेकंदांचे २०० रुपये तपासणी आणि १८ टक्के जीएसटी धरून २३६, पावती छापायला चार मिनिटं. दुरुस्तीचा अंदाज २,१२४. नवीन मशीन २,७५०. सासरे म्हणतात दुरुस्ती निम्म्याच्या वर गेली की नवीन घ्यायचं, आणि ते हे त्यांच्या ८८ सालच्या स्कूटरवर बसून म्हणतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, गाड्या, घरातली उपकरणं असे विभाग केले. माझ्या ड्रिलला त्यात कुठल्या रांगेत उभं करायचं? माटोळीसाठी वापरलं म्हणजे शेती धरायची का? मला राईट-बिईट काही नको होतं हो, फक्त त्या मुलाने चार स्क्रू काढून आत बघायला हवं होतं.

परत डिचोलीत हार्डवेअरच्या दुकानात पोचलो तेव्हा एकला पाच कमी. दुकानदाराचा एक हात शटरवर. दुपारच्या झोपेला निघालेल्या गोव्यातल्या दुकानदारासमोर उभं राहून आयुष्यातला कुठलाही निर्णय घेऊ नये. तो काही बोलत नाही, फक्त शटर वीतभर खाली ओढतो आणि तुमच्याकडे बघतो.

आणि तिथे स्टुलावर भाई बसलेला. नळाचा वायसर घ्यायला आलेला, दहा रुपयांचा, सकाळी अकरापासून. भाई मांडवीत खनिजाच्या बार्जीवर इंजिन बघायचा. २०१२ ला मायनिंग बंद झालं तेव्हापासून घरी, आणि घरी म्हणजे या स्टुलावर. दुसरं म्हणजे परवा श्रावणाचा शेवटचा दिवस होता. महिनाभर मासळी बंद. पुढचं सगळं हे ध्यानात ठेवून वाचा.

"हाड पळोवया," (आण, बघू) म्हणाला आणि माझ्या हातातून ड्रिल घेतलं. आधी तळहातावर ठेवून वजन बघितलं. मग पोटाकडे अंगठ्याने दाबलं, खरंच दाबलं, शपथेवर सांगतो. मग मागची हवेची भोकं असतात ना, त्याला नाक लावून डोळे मिटून असा लांब श्वास घेतला की दुकानदारसुद्धा शटर सोडून बघायला लागला.

"वास ना," भाई म्हणाला.

मग उजेडात नेऊन त्या भोकांतून एक डोळा लावून आत बघितलं. "कल्ले तांबडे. ताजें मरे, ताजें."

मला वाटलं बिचारा. एक महिना डाळ-भाजी खाऊन माणसाचं असं होतं. उद्या हा कोणाची मोटरसायकल उलटी करून गाबोळी शोधेल.

त्यावर गालात तंबाखू सरकवत त्याने निकाल दिला. शटर खडखडलं त्यात, मला ऐकू आलं ते असं, "भंगार मरे हें, भंगार."

मी मान डोलावली. म्हटलं, हो ना भाई, सर्व्हिस सेंटरवाला पण तेच म्हणाला. भाईने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. म्हणाला, "तुका नाका जाल्यार म्हाका दी." मी दिलं. देताना वर "देव बरें करूं" पण म्हटलं, शिकाऊ उमेदवार ना! आठाचा (म्हणजे आठ मिलिमीटरचा) बिट चकमध्ये, ड्रिलच्या तोंडातल्या जबड्यात, तसाच होता, तोही गेला. नवीन मशीनचे २,७५० मोजले, शटर पडलं.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही हसता हसता उठून मोरीपर्यंत गेली. "अहो, भंगार नाही, तो भांगर म्हणाला असेल. भांगर म्हणजे सोनं!"

बारा वर्षं. एवढी बारा वर्षं इथे राहून माणूस एका कान्याच्या फरकाने लुटला जातो. आणि लुटला तरी कसं म्हणणार, त्याने तर तोंडावर खरं सांगितलं होतं. आर्मेचर जळलं असतं तर वार्निश जळल्याचा वास आला असता, तांबं काळं पडलं असतं. वास नाही, तांबं लाल, म्हणजे वाइंडिंग शाबूत. गेले होते ते कार्बन. दोन बारकी ठोकळी, स्प्रिंगने दाबलेली, झिजून आखूड झाली की टेकत नाहीत, म्हणून तर टपली मारली की फिरत होतं. बाजारात जोडी साठ रुपयांना मिळते. भाईने तेही घातले नाहीत, कुठल्या तरी मेलेल्या मिक्सरचे कार्बन पॉलिशपेपरवर घासून मापात आणून बसवले म्हणे. खर्च शून्य. म्हणजे या प्रकरणात पैसे फक्त मी दिले, २३६ अधिक २,७५०, आणि डोळा लावून आत फक्त त्याने बघितलं, फुकटात.

नव्याचं काय सांगू. त्याच्या चकला चावी नाही, हातानेच आवळायचं, स्लॅबला टेकवलं की बिट जागेवर आणि चक फिरतंय. तिसरं भोक अजून अर्धंच आहे. माटोळीचा चौकट दोन हुकांवर तिरका लटकतोय, ही म्हणते कांगलां, तोरिंग, चिबूड सगळं घरंगळून एका बाजूला येणार, आणि ती बाजू गणपतीच्या डोक्यावर.

तर आज अडीचला तो आवाज. वाड्यातल्या कोणाकोणाच्या माटोळीची भोकं भाई पाडून देतोय, आणि दर घरामागे पन्नास रुपये घेतो असं ऐकतो. मी उशी डोक्यावर घेतली. पावणेतीनला आवाज बंद झाला. बरं वाटलं. पाच मिनिटांनी फाटक वाजलं.

भाई. खांद्यावर माझं ड्रिल. चकमध्ये माझा आठाचा बिट.

"तुज्या घरांत हाची चावी आसा मरे. सहाचें भोक जाय, हो बिट सुटना."

चावी स्वयंपाकघरात खिळ्याला सुतळीने टांगलेली आहे, हे मला माहीत होतं. मी आत गेलो, घेऊन आलो.

"आनी सहाचो बिट?" भाई म्हणाला.