कामाचे स्वरूप: वरीलप्रमाणे

काल शाळेनं मला पत्र दिलं. लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, वर गोल शिक्का. 'सदर इसमाने आमच्या शाळेत एकूण सहा शनिवारी विविध स्वरूपाची कामे केली असून सदर कामे समाधानकारक आहेत.'

विविध स्वरूपाची! मी पाचवीच्या पाच पोरांना हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. सहाच्या सहा शनिवारी. स्वरूप एकच, आणि ते समाधानकारक म्हणायला माझीच जीभ जड होते.

बाई म्हणाल्या, "मी भेट नोंदवहीवरून लिहिलं." म्हणजे वाट परत फाटकापाशी, शिपाई मामांकडं. पेठेतल्या या शाळेची घंटा आणि भेट नोंदवही, दोन्ही मामांच्या ताब्यात. वहीचे रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेत: अ. क्र., दिनांक, नाव, कामाचे स्वरूप, आत, बाहेर, सही. पहिल्या शनिवारी मी चौथ्या रकान्यात अडकलो होतो.

"काय काम हाय?"

"मार्गदर्शक आहे मी. पोरांना मार्गदर्शन करायला आलोय."

"मार्गदर्शक म्हंजे गाईड न्हवं?"

"तसंच म्हणा."

"गाईड हाय की पोरांकडं. दुकानात मिळतंय."

"विकायला नाही आलो मामा. शिकवायला आलोय."

"बाई हायत की शिकवाय."

"बाईंच्या मदतीला."

"पगार कोण देतंय?"

"कुणी नाही. फुकट."

मामांनी पेनाला टोपण लावलं. मग मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं. "रिटायर हाईसा?"

"नाही, नोकरी आहे."

"घरात कोण न्हाई?"

"सगळे आहेत."

"मग इलेक्शनला उभारणार."

"नाही हो!"

"क्लास काढणार. हितनं पोरं न्येणार."

"मामा, मी खरंच फक्त..."

"आवो, मग कशाला करतासा?"

यावर 'समाजाचं ऋण' वगैरे काहीतरी माझ्या तोंडात आलं होतं. पण मामांच्या नजरेसमोर ते बाहेर पडेना. मागं एक आई दाखल्यासाठी खोळंबली होती. शेवटी मामांनीच मार्ग काढला. "तुमचं काय रकान्यात बसंना बघा," म्हणाले आणि माझ्या नावापुढं दोन तिरप्या रेघा ओढल्या. वरीलप्रमाणे.

त्या दिवशी माझ्या वर सिलिंडरवाला होता.

काल सगळी पानं उलटली. सहा शनिवार, सहा वेळा दोन रेघा. त्यानुसार मी या शाळेत सिलिंडर पोचवला, दाखला नेला, पाण्याची टाकी धुतली, डासांची फवारणी केली, पोषण आहाराचा तांदूळ उतरवला आणि एक हरवलेला डबा शोधला. डबा सापडला की नाही, याची नोंद नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली आमच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पोराला आत आणायचा कायदा झाला. थोराला आत घ्यायचं अजून मामांच्या मर्जीवर आहे. आणि रागात असलो तरी सांगतो, ते योग्यच आहे. उद्या कुणीही 'शिकवायला आलोय' म्हणत आत शिरेल. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालावं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. बसायचं ते व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. एका पोराला घेऊन बंद खोलीत कधीच नाही. हे सगळं मी केलं होतं. फक्त त्याला रकाना नव्हता.

तर ते 'स्वरूप' निदान इथं लिहून ठेवतो.

नवा माणूस हटकून 52 वजा 27 घालतो आणि तिथंच फसतो. पोर 35 लिहितं. त्याला आपण 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो. खरं तर ते फार आज्ञाधारक असतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, असं त्याला लहानपणी सांगितलंय, म्हणून ते सातातून दोन काढतं. दुसरं पोर हातचा घेतं, बारातून सात बरोबर काढतं, पण दशकातला एक कमी करायला विसरतं. उत्तर? तेही 35. आजार दोन, ताप सारखाच. एककांमधला फरक पाच असला की हा घोटाळा होणारच. म्हणून 53 वजा 27 घाला. पहिलं पोर 34 लिहील, दुसरं 36, आणि खरं उत्तर 26. वही बघूनच कळतं कुणाला काय झालंय.

औषध म्हणजे आईस्क्रीमच्या काड्या. 120 लागतात, शंभरात भागत नाही. रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे करायचे. 53 म्हणजे पाच गठ्ठे, तीन सुट्या. "आता सात सुट्या दे." पोर म्हणतं, "तीनच हायत." इथं गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड काम. आपला हात गठ्ठ्याकडं शिवशिवतो, पण रबर पोरानंच काढायला हवा. ज्यानं स्वतः गठ्ठा फोडला, तो पाचावर काट मारून चार लिहायला सहसा विसरत नाही. काड्यांवर आठ-दहा उदाहरणं झाल्याशिवाय पाटी-वही काढायची नाही. पुढचा घाट शून्याचा: 103 वजा 47. इथं दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधून ठेवायचा. तो आधी फोडायचा, मग त्यातला एक छोटा, की नऊ गठ्ठे आणि तेरा सुट्या समोर येतात. नुसत्या कागदावर तो नऊ आकाशातून पडल्यासारखा वाटतो. रबर मात्र भरपूर न्या. त्यांचा दुसरा उपयोग पोरांना आपल्याआधी ठाऊक असतो.

काही पोरांचं गणित बरोबर असतं, कान फसवतो. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून ती 35 मांडतात आणि तिथून पुढं सगळं अचूक करून चुकतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पोट धरून हसला. हसणाऱ्यांनी एकदा पाचवीच्या वर्गात 'एकोणसाठ' लिहायला सांगावं आणि किती 69 येतात ते मोजावं.

एक सूचना बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी. आमच्याकडं पोरगी 'मी घरला गेलो' म्हणते. तिची आई म्हणते, आजीही म्हणते. 'गेले म्हण, गेले' असं चारचौघांत टोकलं की पुढचे दोन शनिवार ती तोंड उघडत नाही. प्रमाण मराठी लिहिताना शिकवावी, बोलणं तोडून नव्हे.

आता खरी जळजळ. मागच्या महिन्यात काही मंडळींनी याच शाळेत 'मार्गदर्शन सोहळा' केला. फळ्यापेक्षा मोठा बॅनर, चाळीस मिनिटं 'मोठी स्वप्नं बघा', माणशी एक चॉकलेट, फोटो, गाड्या सुरू. त्यांना नोंदवहीत सही नव्हती, मामांनी घंटा वाजवून आत घेतलं! आठवीच्या पोरांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल त्यांच्यातलं कुणी एक अक्षर बोललं नाही. बुद्धिमत्तेचे 90 प्रश्न, शालेय विषयांचे 90, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि त्याचा दाखला तहसीलदारांचा. हुशार पोर कागदावर अडकतं ते इथं, कारण बाप रोजंदारीवर, आणि दाखल्यासाठी दोन दिवस खाडे कोण करणार? ज्याला मार्गदर्शन करायची फार हौस आहे, त्यानं त्या बापाबरोबर रांगेत उभं राहावं. तिथं बॅनर लावता येत नाही, ही एक अडचण आहे.

असो. आज शनिवार, सकाळची शाळा. मी सातलाच फाटकावर हजर. पान नवं, कोरं. पहिली नोंद माझी.

"मामा, आज वर कुणी नाही. आता लिहा."

मामांनी बराच विचार केला, रकान्याची रुंदी बोटानं मोजली आणि लिहिलं: 'वजाबाकी'. मी सही केली. सहा आठवड्यांनी का होईना, स्वरूप मिळालं.

मागं खणकन आवाज झाला. सिलिंडरवाला. मामांनी त्याचं नाव घातलं, पुढं सवयीनं दोन तिरप्या रेघा ओढल्या. त्यानं सही करता करता वरची ओळ वाचली, मग माझ्याकडं बघितलं.

"कितवीला?"